रात्रीच्या पाण्याला जाताना आत काय घालावं?

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यांसाठी उबदार कपड्यांचा हिशेब

डिसेंबर लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत कांदा, गहू, हरभरा आणि ऊस ही सगळी पिकं एकदम पाणी मागतात. थ्री फेज लाईटची पाळी मात्र आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. मोटार चालू झाली की घरातलं कुणीतरी खोरं आणि बॅटरी घेऊन निघतं आणि उजाडेपर्यंत दारं धरत सरीत, वाफ्यात, पाटात उभं राहतं. चासकमानचं, घोडचं किंवा खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलेलं असेल, तर ‘आज थंडी फार आहे, उद्या बघू’ असं म्हणायची सोय नसते. थंडीच्या लाटेत पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. वर उसाच्या पात्यांवरचं दव आणि खाली चिखल, अशात पाच-सात तास काढावे लागतात.

या माणसाच्या अंगावर बहुधा सुती बनियन, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात गमबूट असतात. एवढं घालूनही पहाटे दातावर दात वाजतात. मग पुढच्या वर्षी आणखी जाड स्वेटर घेतला जातो आणि थंडी तेवढीच वाजते. पैसा खर्च होतो, पण चुकीच्या जागी. या लेखाचं सांगणं एवढंच आहे की पैसे आधी अंगाला लागून असलेल्या कपड्यावर खर्च करा आणि तो कपडा जाडीपेक्षा कोरडेपणा बघून निवडा. कुठल्या वस्तूला साधारण किती पैसे पडतात आणि दुकानात ती कशी पारखायची, हे पुढे क्रमाने दिलं आहे. किमती अंदाजे आहेत. दुकान, कंपनी आणि हंगाम यांप्रमाणे त्या थोड्याफार मागंपुढं होतील.

थंडी येते ओलाव्यातून

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. कोरड्या कपड्याच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि ती ऊब धरते. कपडा भिजला की हवेची जागा पाणी घेतं आणि तोच कपडा अंगातली ऊब बाहेर ओढू लागतो. शिवाय ओला कपडा अंगावर वाळतो तेव्हा वाळण्यासाठी लागणारी उष्णताही बरीचशी शरीरातूनच जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि चिंब भिजलेली सुती पँट सहज अर्धा लिटर पाणी धरून ठेवते.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पहाटे पायाला कोमट लागतं, कारण जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. म्हणून पाण्यात उभं असताना त्रास जाणवत नाही. बांधावर येऊन बसलं आणि वारा लागला की हुडहुडी भरते. कालव्याचं पाणी मुळातच गार असतं.

ओलावा आतूनही येतो, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खोऱ्याने दारं मोडताना, पाटाची गळती बुजवताना घाम येतो. सुती बनियन तो घाम पिऊन बसतं. पुढची सरी भरेपर्यंत अर्धा तास स्वस्थ उभं राहिलं की तेच ओलं बनियन पाठीला गार पडतं. त्यावर कितीही जाड स्वेटर घातला तरी आतला गारवा तसाच राहतो.

थंड समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्यांना हे गणित पक्कं ठाऊक असतं. ते ड्रायसूट नावाचा पाणी आत न येणारा पोशाख घालतात. मालवण-तारकर्लीच्या कोमट समुद्रात त्याची गरज पडत नाही, युरोपातल्या थंड पाण्यात पडते. हा सूट पाणी अडवतो, पण बहुतेक सूटांना स्वतःची ऊब फारशी नसते. ऊब येते ती आत घातलेल्या थरांतून, म्हणजे घाम बाहेर ढकलणारा पातळ कपडा आणि त्यावर हवा धरून ठेवणारा जाड कपडा यांतून. गमबूट आणि रेनकोटचंही तेच आहे. ते पाणी अडवतील, ऊब देणार नाहीत. ती सोय आत करावी लागते.

आतला थर: कापड कोणतं?

दुकानात ‘थर्मल’ किंवा ‘इनर’ मागितलं की समोर चार-पाच प्रकार येतात. दिसायला सगळे सारखेच असतात. त्यातला फरक लेबलवर असतो.

सुती आणि सुती-मिश्र थर्मल. वर-खाली असा जोड साधारण ५०० ते १,००० रुपयांना मिळतो. सगळ्यात जास्त खपतो तो हाच. अंगाला मऊ लागतो, घरात झोपताना किंवा कोरड्या जागी बसून राखण करताना चांगला आहे. पाण्यात, घामात काम असेल तर मात्र घेऊ नका. लेबलवर सुताचं प्रमाण जितकं जास्त, तितका तो ओला राहणार.

पॉलिस्टरचे थर्मल. खेळाच्या किंवा ट्रेकिंगच्या साहित्याच्या दुकानात एक नग साधारण ५०० ते १,००० रुपयांना, म्हणजे जोड १,००० ते २,००० ला पडतो. पॉलिस्टरचा धागा स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि लवकर उडून जातो. रात्रीच्या पाण्यासाठी पैशाच्या मानाने सगळ्यात चोख कपडा हाच. याचा एक दोष म्हणजे घामाचा वास पटकन धरतो, त्यामुळे दरवेळी धुवावा लागतो.

मेरिनो लोकरीचे थर्मल. एका नगाला साधारण २,५०० ते ५,००० रुपये. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, भिजली तरी बरीच ऊब राखते आणि वास धरत नाही. कपडा उत्तम आहे, पण बांधावर, चिखलात, उसाच्या पात्यांत वापरायला महाग पडतो. त्याच पैशांत पॉलिस्टरचे दोन जोड येतात आणि रात्री बदलायला कोरडा जोड जवळ असणं हे एका महाग कपड्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

ॲक्रिलिकचे ‘वुलन’ इनर. साधारण ३०० ते ७०० रुपयांना एक नग. दिसतं लोकरीसारखं, असतं कृत्रिम. पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे सुती कपड्यापेक्षा बरं. पण विणकाम सैल असतं, लवकर गोळे धरतं आणि ताणलं की मापाबाहेर जातं.

आता बिनपैशाचा उपाय. क्रिकेटच्या स्पर्धेचा, गणेश मंडळाचा किंवा कुठल्याशा शिबिराचा चकचकीत टी-शर्ट बहुतेक घरांत पडलेला असतो. त्याचं लेबल बघा. बऱ्याचदा तो शंभर टक्के पॉलिस्टरचा निघतो. बनियन काढून तो अंगाला लागून घाला आणि त्यावर नेहमीचा स्वेटर चढवा. एका रात्रीत फरक कळेल. नवं काही विकत घेण्याआधी हा प्रयोग जरूर करून बघा.

मधला थर: हवा धरणारा

आतल्या कपड्याचं काम घाम बाहेर काढण्याचं, मधल्याचं काम ऊब साठवण्याचं. इथे दोन पर्याय आहेत. ॲक्रिलिकचा स्वेटर ४०० ते ९०० रुपयांना मिळतो. पॉलिस्टरचं फ्लीस जॅकेट ६०० ते १,५०० रुपयांना. फ्लीस वजनाला हलकं असतं, भिजलं तर पिळून झटकता येतं आणि लवकर वाळतं. त्याची जाडी ‘जीएसएम’ या आकड्यात सांगतात. १०० चं पातळ, २०० चं मध्यम, ३०० चं जाड. आपल्याकडच्या रात्रीला २०० पुरतं.

फ्लीस घेताना पुढून पूर्ण चेन असलेलं घ्या. खोरं चालवताना चेन उघडायची, सरी भरेपर्यंत थांबताना लावायची. डोक्यावरून घालायचा स्वेटर अंधारात, चिखलाच्या हातांनी कुणी काढत-घालत नाही, आणि त्यातूनच अंग घामाने भिजतं.

फ्लीस आणि स्वेटर या दोन्हींचा एक शत्रू म्हणजे उसाची पात. धारदार पात विणकामात अडकून धागे ओढते आणि पाचटाचा चुरा फ्लीसला चिकटून बसतो. म्हणून त्यावर एक जुना, घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. हा शर्ट वारा अडवतो, कपडा वाचवतो आणि हातही खरचटत नाहीत. त्याला एक रुपयाही पडत नाही.

घोंगडीचंही सांगायला हवं. आपल्या भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, अंगाला टोचते, म्हणून ती आतल्या थराला चालत नाही. पण बांधावर बसल्यावर खांद्यावरून ओढून घ्यायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. दव पडलं तरी ती ऊब सोडत नाही आणि शेकोटीची ठिणगी पडली तरी वितळत नाही. हातमागाची खरी घोंगडी साधारण १,५०० ते ४,००० रुपयांना मिळते आणि नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. घरात आजोबांची असेल तर ती पेटीतून बाहेर काढा.

पाय, कंबर, डोकं

गमबुटाचा जोड ३५० ते ८०० रुपयांना येतो. तो नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या आणि दुकानात जाड मोजा घालूनच बघा. मोजा दाटीने बसला की रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात.

मोजे सुती नकोत. लोकर-ॲक्रिलिक मिश्र मोज्यांचा जोड १०० ते २५० रुपयांना मिळतो. मेरिनो मिश्र मोजे ५०० ते १,००० रुपयांना, आणि महाग लोकर घ्यायचीच असेल तर ती पायासाठी घ्या, कारण गमबुटात पाय आतल्या घामानेच भिजतात. कुठलेही मोजे घेतले तरी दोन जोड हवेत. दुसरा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा आणि मध्यरात्री बदला. तेवढ्या दोन मिनिटांच्या कामाने पहाट सुसह्य होते. पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले तर ते बधिर होतात, कातडी पांढरी पडून सुरकुतते आणि नंतर दुखते. त्यासाठी बर्फ पडण्याची गरज नसते, आपल्याकडची थंडीसुद्धा पुरते. मधुमेह असणाऱ्यांना पायाचा बधिरपणा बऱ्याचदा कळत नाही, त्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं.

उसात कमरेपर्यंतचा भाग दवाने भिजतो. रेनकोटची पँट ३०० ते ६०० रुपयांना वेगळी मिळते. ती गमबुटाच्या आत खोचू नका, बाहेर सोडा, म्हणजे पाणी बुटात उतरणार नाही.

दौंडच्या पूर्वेला खानोटा-राजेगावकडे उजनीच्या फुगवट्यात पहाटे जाळी काढणाऱ्यांना छातीपर्यंतच्या रबरी पँटची, म्हणजे वेडरची गरज पडते. त्याची किंमत साधारण २,००० ते ४,५०० रुपये. आत पॉलिस्टरचा थर्मल आणि फ्लीसची पँट घातली की हा जवळजवळ ड्रायसूटसारखाच पोशाख होतो. मात्र वेडर काठालगत, उथळ पाण्यात उभं राहण्यासाठी आहे. तोल जाऊन खोल पाण्यात पडलं तर तो पाण्याने भरतो आणि पोहणं अवघड होतं. वरून कमरेला पट्टा घट्ट बांधा. होडीत बसायचं असेल तर वेडर नकोच, आणि लाईफ जॅकेट हवंच.

कानटोपी १०० ते २५० रुपयांना मिळते. मफलरपेक्षा ती बरी, कारण मफलरचं टोक लोंबतं. शिरूरच्या बिबट्याप्रवण गावांत मात्र कान पूर्ण झाकून घेऊ नका. आजूबाजूची चाहूल लागली पाहिजे. दोघांनी मिळून जा, बॅटरी चांगली ठेवा, बांधावर पाठ फिरवून वाकून बसू नका. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाईनला कळवा.

दुकानात पारख कशी करावी

पहिली गोष्ट लेबल. पुढे मोठ्या अक्षरात ‘वुलन’, ‘थर्मो’, ‘हीट’ काहीही छापलेलं असो, आत शिवलेल्या पट्टीवर धाग्यांची टक्केवारी वाचा. पट्टीच नसेल तर तो कपडा ठेवून द्या. हिवाळ्यात रस्त्याकडेला लागणाऱ्या स्वेटरच्या दुकानांतला बराचसा माल लुधियानाकडचा आणि ॲक्रिलिकचा असतो. तो वाईट नसतो, पण लोकरीच्या भावाने घेऊ नये.

दुसरी गोष्ट माप. थर्मल अंगाला लागून बसलं पाहिजे, पण आवळता कामा नये. सैल कपडा घाम ओढू शकत नाही, घट्ट कपडा हालचाल अडवतो. दुकानातच दारं मोडायला वाकतो तसं वाका, दोन पायांवर बसा, हात वर करा. पाठीचा भाग उघडा पडत असेल तर लांबीला मोठा घ्या. कांद्याच्या वाफ्यात रात्रभर उकिडवं बसणाऱ्याची कंबर आधी गारठते.

तिसरी गोष्ट शिवण आणि विणकाम. काखेत आणि मांडीत शिवण जाड असेल तर चालून चालून कातडी सोलवटते. कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरा. जाळी दिसत असेल आणि सोडल्यावर कापड मूळ जागी येत नसेल, तर ते एका हंगामापुरतंच आहे.

चौथी गोष्ट, लोकर म्हणून जास्त पैसे मोजले असतील तर घरी आल्यावर शिवणीतला एक सुटा धागा काढून ताटलीत जाळून बघा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टर आणि ॲक्रिलिक वितळून त्याची टणक गुठळी होते. ही परीक्षा लबाडी लगेच उघडी पाडते.

तीन खिसे, तीन याद्या

खालच्या पहिल्या दोन याद्यांत गमबूट घरात आहेत असं धरलं आहे.

कमीत कमी खर्च. घरातला पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि आहे तो स्वेटर. आत घालायला पॉलिस्टरची ट्रॅकपँट २५० ते ४००, मिश्र मोज्यांचे दोन जोड २०० ते ४००, कानटोपी १०० ते २००. एकूण ५५० ते १,००० रुपये. ऊसतोड मजुरांसाठी, सालगड्यांसाठी मालकाने एवढी खरेदी स्वतः करून द्यावी. एका रात्रीच्या आजारपणाचा खर्च याहून जास्त होतो.

मध्यम खर्च. पॉलिस्टरच्या थर्मलचा जोड १,००० ते १,८००, फ्लीस जॅकेट ६०० ते १,२००, मोज्यांचे दोन जोड ३०० ते ५००, कानटोपी १०० ते २००. एकूण २,००० ते ३,७०० रुपये. स्वतःचं रान असलेल्या, हंगामभर रात्रीचं पाणी धरणाऱ्या बहुतेकांना हे पुरेसं आहे.

पूर्ण तयारी. थर्मलचे दोन जोड २,००० ते ३,६००, फ्लीस ६०० ते १,२००, लोकर-मिश्र चांगल्या मोज्यांचे दोन जोड ६०० ते १,२००, नवे गमबूट ४०० ते ८००, रेनकोटची पँट ३०० ते ६००, कानटोपी १०० ते २००. एकूण ४,००० ते ७,६०० रुपये.

आकडा मोठा वाटत असेल तर रात्रीच्या हिशेबाने बघा. समजा १,५०० रुपयांचा थर्मलचा जोड तीन हिवाळे टिकला आणि दर हिवाळ्यात चाळीस रात्री वापरला, तर एका रात्रीला साडेबारा रुपये पडले. मोटारीच्या फ्यूजवर आणि स्टार्टरच्या दुरुस्तीवर आपण यापेक्षा जास्त खर्च करतो आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही.

ही खरेदी सगळी एकदम करायची नसेल तर क्रम असा ठेवा: आधी मोजे, मग आतला वरचा कपडा, मग आतली पँट, मग फ्लीस. जाड जॅकेट सगळ्यात शेवटी.

बायकांसाठी

रात्रीच्या पाण्याला, पहाटेच्या ऊसतोडीला आणि गोठ्यातल्या कामाला बायकाही तितक्याच राबतात. घरच्या खरेदीत मात्र त्यांच्या वाट्याला शाल आणि नवऱ्याचा जुना स्वेटर येतो. साडीचा घोळ दवात आणि पाटात भिजतो आणि दुपारपर्यंत ओला राहतो. साडीच्या आत पॉलिस्टरची थर्मल लेगिंग साधारण ३०० ते ७०० रुपयांना मिळते, वर पूर्ण बाह्यांचा पातळ थर्मल ५०० ते १,००० रुपयांना. त्यावर ब्लाउज आणि जुना शर्ट घातला की काम मोकळेपणाने करता येतं. पुरुषांचा थर्मल बायकांना खांद्यात सैल आणि कमरेत आखूड पडतो. त्यांच्या मापाचाच घ्या, आणि मोजे-गमबूटही त्यांच्या पायाचेच घ्या.

हे धोके टाळा

पॉलिस्टर, फ्लीस आणि ॲक्रिलिक आगीजवळ वितळतात आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. शेकोटीजवळ बसताना वर सुती शर्ट किंवा घोंगडी हवीच. गुऱ्हाळात चुलाणापाशी काम करणाऱ्यांनी कृत्रिम धाग्याचे कपडे बाहेरून घालू नयेत. केडगाव-दापोडीच्या पट्ट्यात गुऱ्हाळं बरीच आहेत, तिथे चरकाजवळ मफलर किंवा पदर मोकळा सोडणं जिवावर बेततं.

भांडी धुण्याचे रबरी हातमोजे ६० ते २०० रुपयांना मिळतात. चिखलात हात कोरडे ठेवायला ते ठीक आहेत, पण विजेपासून ते वाचवत नाहीत. ओल्या हातांनी, ओल्या हातमोज्यांनी स्टार्टरला हात लावू नका.

सोबतच्या माणसाकडे लक्ष ठेवा. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की माणूस थरथरतो, बोलणं जड होतं, हातातलं खोरं सुटतं, साध्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही. पुढे थरथर थांबते, आणि ते बरं होण्याचं लक्षण नसून धोक्याचं असतं. लगेच वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय जोरात चोळू नका. १०८ ला फोन करा. दारूने ऊब येते हा समज घातक आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि अंगातली उष्णता आणखी वेगाने बाहेर जाते.

निगा

थर्मल आणि फ्लीस साध्या पाण्यात, कमी साबणात धुवा. सुगंधी कंडिशनर घालू नका, त्याने घाम ओढण्याचं काम मंदावतं. चुलीवर किंवा शेगडीवर वाळवू नका. लोकर पिळू नका, सपाट पसरून सावलीत वाळवा. हंगाम संपला की धुऊन, पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. गमबूट उलटे टांगा आणि आत वर्तमानपत्राचा बोळा घाला, सकाळपर्यंत ओल निघून जाते.

बिल आणि हक्क

२२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. पादत्राणांनाही जोडामागे हीच मर्यादा आहे. छापील एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यावर वेगळा कर मागितला तर देऊ नका.

बिल मागून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. पहिल्याच धुण्यात शिवण उसवली किंवा लोकर म्हणून ॲक्रिलिक दिलं, तर आधी दुकानदाराशी बोला. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि पाच लाखांपर्यंत मोबदला मोजलेल्या व्यवहारांच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.

रात्रीच्या पाण्याचा खरा उपाय दिवसाची वीज हाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे आणि आपल्या फीडरचं काम कुठवर आलं हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारत राहणं आपलं काम आहे. ती वीज बांधावर पोचेपर्यंत रात्री जागाव्या लागणारच. येत्या बाजाराच्या दिवशी मोज्यांचे दोन जोड आणि एक पॉलिस्टरचा थर्मल तेवढा घ्या, आणि घरात दोघं पाण्याला जात असतील तर दोघांसाठी घ्या.